उतरला का गो कुणी?

हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही. वैजूच्या गाण्यावर हळदीचा ठेका चढवला तो मी, गाणं बाजारात आणणाऱ्या मुंबईच्या कंपनीने नव्हे.

गाण्याआधी वैजू चपला काढून पायाचे अंगठे जमिनीत रुतवायची. रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानावर माझा छोटा स्टुडिओ, तिथल्या फरशीवरसुद्धा. "पाय पक्के नसले ना दादा, की सूर पळतो," म्हणायची. उभं राहायला ती शिकली शिमग्यातल्या नमन-खेळ्यात सोंग घेणाऱ्या बापसाला बघून. ताल आवशीच्या, म्हणजे आईच्या, सुपाचा. गाणी स्वतः लिहून गिटारवर बसवायची.

पहिलं गाणं आवशीचंच. बापूस मुंबईला गेला तो परतला नाही. आवस अंगणात तांदूळ पाखडत बसायची आणि वस्तीची एसटी आली की रस्त्यावरच्यांना विचारायची, "उतरला का गो कुणी?" गाण्यात ही ओळ फिरून फिरून यायची आणि पुढे नुसतं सूप वाजायचं. उत्तर नाही.

मला ती जागा रिकामी वाटली. वैजूला न विचारता मी तिथे ठेका भरला, खालच्या दुकानातल्या पोरांकडून "उतरला!" असं ओरडून घेतलं आणि गाणं कंपनीला पाठवून दिलं. ते बाजारात आलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "कंपनीने केलं असणार."

मग राजापूर ते दापोली एक हळद तिला सुटली नाही; ठेक्याच्या मशीनवर मी असायचो. दुसरं काही गायला लागली की मांडवातून आरोळी यायची, "वैजूताय, उतरवा आता!"

हर्णैच्या हळदीला ती मला आधीच म्हणाली, "आज ठेका नको. आवशीचं गाणं आवशीसारखं म्हणू दे." तिने म्हटलं. ओळीनंतर थांबली. कुणीतरी ओरडला, "मशीन बंद पडली काय ओ?" मांडव हसला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी ठेक्याचं बटण दाबलं.

वैजूने चपला पायात सरकवल्या आणि ती नाचली.

परतताना गाडीत म्हणाली, "त्या कंपनीवाल्याचं तळपट होवो." मी म्हटलं, "पाणी पी, घसा बसेल."

तिचं गाणं थांबलं ते पुढच्या लग्नसराईत. शेजारच्या हळदीत तेच गाणं लागलं होतं. आवशीचं वय झालेलं, मन कुठेही भरकटायचं. "उतरला!" ऐकून ती सूप टाकून उठली आणि थेट थांब्यावर जाऊन उभी राहिली. वैजू आणायला गेली तर म्हणाली, "अगो, एवढे जण सांगतायत. खोटं कशाला सांगतील?"

त्यानंतर वैजूने गिटार पोटमाळ्यावर टाकली. माझ्यावर तिचा राग नाही. दरवर्षी एसटीच्या ड्रायव्हरकडे माझ्यासाठी आमसुलं देते. मी खातो.

नुसत्या सुपावरचं मूळ गाणं अजून माझ्याकडे आहे. ते तिला नेऊन द्यायचं आहे. आणि हे छापून तिच्या हाती पडायच्या आत तिच्या दारात उभं राहून, ती आरोळी मी मारायला लावली, हे सांगणं मी तिचं देणं लागतो.