दाराआडचं आमेन

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगू—प्रार्थनेतही कधी उच्चारलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे. वाचून माझी किळस आली तर येऊ द्या. मला रोज येते.

लग्न होऊन मी जबलपूरला, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सासूबाईंनी मला एकच गोष्ट मनापासून शिकवली. सकाळी आधी दार लावून बसायचं. बायबलचा एखादा भाग वाचायचा, गप्प बसून त्यावर विचार करायचा, मग प्रार्थना. आई म्हणायच्या, "घरची माणसं दिवसभर आहेतच की. आधी आपलं मन प्रभूच्या हाती दे, मग चहा ठेव." त्या वेळात माझ्या दारावर त्या कुणालाही टकटक करू देत नसत. स्वतःच्या मुलालाही नाही. किती सुनांना हे मिळतं? आणि ती सवय खोटी नव्हती हो. माझं पोटातलं बाळ गेलं, तेव्हा त्या सकाळच्या वेळेनंच मला वेडं होऊ दिलं नाही.

मग आईंना लकवा मारला. डावी बाजू गेली. हे पहाटेच फॅक्टरीत ड्यूटीवर जायचे. आईंना पुसायला, अंथरूण बदलायला कामाला ठेवलेली गीता यायची. ती यायच्या आधी अंथरूण ओलं झालं, तर मात्र ते माझ्याकडे. आणि मला—कसं सांगू—तो वास सोसत नसे.

म्हणून माझी प्रार्थना लांबत गेली.

प्रार्थना? कसली प्रार्थना! बायबल मांडीवर उघडं, आणि त्यावर मोबाईल. आवाज बंद करून साड्यांचे व्हिडिओ. बाहेर गीताची चाहूल लागली की मी आमेन म्हणायची—ऐकू जाईल असं.

एक दिवस गीता आलीच नाही. आईंनी हाक मारली, "सुमन..." एकदाच. थोड्या वेळानं शेजारच्या भाभी काहीतरी मागायला आल्या. आईंची जीभ अडखळायची, तरी मला दाराआडून स्पष्ट ऐकू आलं, "बहू प्रार्थना में है। बाद में आना, बेटी।"

"अम्माजी, आपको कुछ चाहिए?"

"नहीं, नहीं। कुछ नहीं।"

त्या ओल्यात पडून होत्या. परक्या बाईला सांगायची लाज, आणि माझी प्रार्थना मोडायची नाही. मग मी काय केलं? उठले? नाही—आवाज चढवला. मोबाईल बाजूला ठेवला आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागले. आजाऱ्यांसाठी. विधवांसाठी. बाहेर आजारी होती ती विधवाच होती ना?

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. ओली चादर स्वतःच ओढून काढायला गेल्या आणि पलंगावरून पडल्या. आणि मी—इथे हात थांबतो आहे—मी आधी प्रार्थना पुरी केली. आमेन म्हटलं. मग कडी काढली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात हे माझ्यावर भडकले, "तू काय करून राहिली होती?" आईच मध्ये पडल्या. "तिला काहून बोलतो रे? ती प्रार्थनेत होती. मीच उतरायला गेली."

त्यांना कळलं होतं का? आधी रोज विचारायच्या, आज काय वाचलं म्हणून. त्या दिवसानंतर एकदाही विचारलं नाही. पुन्हा उठल्या नाहीत. काही महिन्यांनी गेल्या. अंत्यविधीत पाळकसाहेब माझ्या प्रार्थनाशील जीवनाबद्दल बोलले. मी मान खाली घातली, आणि लोकांना ती माझी नम्रता वाटली. वाटू दिली.

गेल्या रविवारी मंडळीतल्या बायकांच्या सभेत मला बोलायला सांगितलं होतं—संसाराच्या धबडग्यात मन कसं जपावं. मी बोलले. चांगलं बोलले. आईंची आठवण सांगताना रडू आलं, ते रडूही खरं होतं, आणि त्या खरेपणाचीच मला सगळ्यात जास्त शिसारी येते. सभा संपल्यावर एक नवी सून माझा हात धरून म्हणाली, "दीदी, मला तुमच्यासारखी प्रार्थना करायला शिकवाल?"

मी हो म्हटलं. आता ती येते. मी शिकवते.