पडण्याचं कारण

"थांबा, मला आधी कळू द्या," असं म्हणून मुन्शीजी टाक दौतीत बुडवायचे आणि तो तसाच हवेत धरून बसायचे. शाई टपकून धोतरावर पडायची. त्यांच्या मांडीवर कायम निळे ठिपके असत.

निजामाच्या राज्यातला आमचा तालुक्याचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी आणि अंगणात एक लिंब. डॉक्टरसाहेब तपासायचे, मी मलमपट्टी करायचो आणि मुन्शीजी लिहायचे. कोण आला, कुठं लागलं, कशानं लागलं. 'कशानं' यासाठी हैदराबादहून छापील उर्दू तक्ता यायचा. जनावरानं मारलं, उंचावरून पडला, भाजला, मारहाण झाली, असे त्यात खाने, म्हणजे रकाने, होते. जखमी माणूस एका खान्यात बसवायचा आणि महिनाअखेर तक्ता वर पाठवायचा. इतकं सोपं काम, पण मुन्शीजींना ते कधीच सोपं गेलं नाही.

एकदा वडवणीच्या बाजारातून एक बाई आली. बैल अंगावर आला म्हणून ती पळाली, पळताना ओट्यावरून पडली, पडली ती नेमकी नवऱ्यावर, आणि त्यानं चिडून थोबाडीत दिली. या सगळ्यात तिचा पुढचा दात गेला होता.

"दात नेमका कशानं पडला, ताई?" मुन्शीजींनी विचारलं.

"कशाला? तुमी परत बसवून देता का?"

आम्ही सगळे हसलो. मुन्शीजीही हसले, पण टाक हवेतच राहिला. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत पाहिला असेल. त्याचा राग येतो, आणि तो रजेवर गेला की करमत नाही.

मग एका दुपारी तो फटफटीवाला आला. रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर, हैदराबादचा तरुण पोरगा. मांजरसुंब्याचा घाट उतरताना पडला होता. लोकांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं. नडगी मोडलेली, कपाळ फुटलेलं. मागच्या गाडीत त्याची फटफटी होती, आणि तिच्यामागून पोलीस ठाण्याचा जवान एका म्हाताऱ्या धनगराला दंडाला धरून आणत होता.

"यानं साहेबाला काठी मारली," जवान म्हणाला. "मारहाण लिहा."

"न्हाई मालक," म्हातारा म्हणाला. "त्या फटफटीनं मेंढरं उधळली. काठी उगारली ती मेंढरांवर. आता घाटात त्यांच्याकडं बघाया कुनी बी न्हाई."

मुन्शीजी ओव्हरसियरच्या खाटेजवळ गेले. तो पुटपुटला, "उनें डंडा मारा." थोड्या वेळानं म्हणाला, "मेंढा आया सामने." आणि मग मुन्शीजींचा हात धरून, "अम्मी, पानी."

डॉक्टरसाहेब पायाला फळ्या बांधत होते. ते वैतागले. "मुन्शीजी, मारहाण लिहा आणि मोकळे व्हा. ठाण्यातल्या जमादाराला कागद हवाय."

"साहेब, मला आधी कळू द्या. जनावरानं म्हणावं तर अंगावर तशी खूण नाही. उंचावरून म्हणावं तर फटफटी कितीशी उंच? आणि मारहाण म्हटली तर हा म्हातारा तुरुंगात जातो."

एवढं बोलून ते अंगणात गेले. फटफटी लिंबाखाली स्टँडवर उभी होती. मुन्शीजींनी ती जवळून कधी पाहिलीच नव्हती. सगळीकडून फिरून पाहिल्यावर त्यांनी धोतर सावरलं आणि ते चक्क तिच्यावर चढून बसले. हँडलच्या दोन्ही मुठी धरल्या, एकदा इकडं झुकले, एकदा तिकडं. मी "अहो" म्हणेपर्यंत फटफटी आडवी झाली आणि मुन्शीजी तिच्याखाली.

आम्ही त्यांना ओढून काढलं. डावं मनगट बघता बघता सुजलं.

"कसे पडलात?" मी विचारलं.

"ते... मला कळलंच नाही."

जवान म्हणाला, हँडल वळलं. मला वाटलं, स्टँड सरकलं. धनगर म्हणाला, "न्हाई, धोतर अडकलं तुमचं."

मुन्शीजी मातीत बसून आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिले. "तुम्ही तिघं इथंच उभे होता. मी तर स्वतः पडलो. तरीसुद्धा..."

मनगट बांधून घेऊन त्यांनी सगळे खाने कोरे ठेवले आणि कडेच्या जागेत लिहिलं, 'चालत्या फटफटीवरून पडला. का पडला, हे जखमीला ठाऊक नाही. आम्हालाही नाही.' डॉक्टरसाहेबांनी ते वाचलं, काहीतरी पुटपुटत आत गेले आणि ओव्हरसियरला स्वतः विचारलं. आता तो म्हणाला, कुत्रा आडवा आला. साहेबांनी मुकाट्यानं सही केली. मारहाणीचा कागद नाही म्हटल्यावर जवानानं म्हाताऱ्याला सोडलं. तो कुणाकडंही न बघता घाटाच्या दिशेनं पळत सुटला.

तक्ता वरून परत आला. 'खाना कोणता?' एवढंच त्यावर विचारलं होतं. मुन्शीजी त्या प्रश्नाकडं कितीतरी दिवस बघत होते. उत्तर जाण्याआधीच त्यांची उमापूरला बदली झाली.

"ही शिक्षा म्हणायची का बढती?" गाडीत ट्रंक चढवताना त्यांनी मला विचारलं. "पगार तोच आहे. गाव परकं, पण खोली म्हणे मोठी आहे." गाडी वळेपर्यंत ते त्याच विचारात दिसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं, मुन्शीजी उमापुरात तापानं गेले. कसला ताप, हे निरोप आणणाऱ्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर एक दिवस तो धनगर ओसरीवर येऊन बसला. "मुन्शीजी कुठं हायेत? एक इचारायचं व्हतं."

"मला विचारा, बाबा."

तो घुटमळला. "काठी उगारलीती, ते ध्यानात हाय. मग निस्ती धूळ. हाताला कायतरी लागल्यावानी झालं. मेंढरू व्हतं का त्यो साहेब, मलाच कळंना. लई दिस झाले, डोळा लागत न्हाई. मुन्शीजींनी समद्यांना इचारलं व्हतं, त्यांना ठाव असंल."

मुन्शीजी आता नाहीत, हे मी त्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, पण उठला नाही. "मग तुमाला काय वाटतं?"

मी पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यानं भांडं पालथं ठेवलं आणि तो घाटाच्या वाटेला लागला. लिंबापलीकडं जाऊन थांबला, हातातली काठी हळूच वर उचलली, तशीच धरून तिच्याकडं पाहिलं, आणि मग पुन्हा टेकवत चालू लागला.