चढावर लागलेलं वजन

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून शिरपूरला परतताना मी छोट्या पिकअपच्या मागच्या भागात एकटाच बसलो होतो. पुढे चालकाशेजारी कळा सुरू झालेली बाई आणि तिची सासू होती. वाटेतल्या चढावर मागची चाकं खडीत नुसती फिरू लागली. ओझं कमी व्हावं म्हणून मी खाली उतरलो.

चालकाने खिडकीतून मान काढली. "भाऊ, तुम्ही कसाले उतरनात? गाडी हलकी शे, म्हनीसन चढत नही!"

मी गोंधळून परत चढलो. समोरून सरपण घेऊन उतरणाऱ्या चार बायांना त्याने हात केला. "अक्का, बठ्ठ्या मांगे बठा, मोळ्यासगट!"

त्या काही न विचारता बसल्या. इंजिनाचा आवाज ऐकत त्याने क्लच अलगद सोडला आणि गाडी वर गेली. तिथे बाया उतरल्या, मोळ्या डोक्यावर घेऊन पुन्हा तोच उतार चालू लागल्या.

दवाखान्याच्या दारात मी विचारलं, "ओळखीच्या होत्या?"

"वयख कसाले? वजन पाहिजे व्हतं."

तासाभराने सासू बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. तो लगेच गाडीत बसला.

"चालनू भाऊ. त्या बायास्ले सांगनं शे."

त्या कोणत्या गावच्या, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.