मास्तर म्हणाले, पेट्रोल येत नाही

गॅरेजवाले मास्तर स्वतः सातवीच्या पुढे शिकले नव्हते, तरी अख्खा रस्ता त्यांना मास्तरच म्हणायचा. गाडीला काय झालंय ते माणूस पुरता कंटाळेपर्यंत समजावून सांगायचे आणि मध्ये कुणी तोंड घातलं की असे डोळे वटारायचे की विचारू नका! एकतीस वर्षं हा माणूस एकाच शेडमध्ये, एकाच खुंटीला डबा अडकवून, लोकांच्या गाड्या दुरुस्त करत होता. दुरुस्तीला हात चांगला होताच, पण नाव झालं होतं ते नाकाचं.

त्यांची एक पद्धत होती. गाडी सेल्फ मारते, इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही, अशी तक्रार आली की मास्तर आधी बॉनेटला हातच लावायचे नाहीत. मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मारा सेल्फ. मारा, मारा, थांबा." मग एक लांब श्वास. कच्च्या पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय, ठिणगी पडत नाही. वास नाही, तर पेट्रोलच येत नाही. उठता उठता निकाल सांगून मोकळे. शेजारचे गॅरेजवाले मीटर लावून जिथे तासाभराने पोचायचे, तिथे हे कपडे झटकत उभे असायचे. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा?

तर असं हे नाक तीन आठवड्यांपूर्वी गेलं. साधा सर्दीताप आला, चार दिवसांत उतरला, पण वास काही परतला नाही. साबण, ग्रीस, जळका क्लच, सगळं सारखंच. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. येईल की आठवड्याभरात, म्हणून रेटत राहिले. बायकोलाही सांगितलं नाही, आणि इथेच खरा गाढवपणा झाला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ड्रायव्हिंगवाल्या बाई आल्या. म्हणजे त्यांची गाडी ढकलत आली आणि मागून त्या आल्या. बाई गाडी चालवायला शिकवायच्या. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून दाबून त्यांच्या स्वभावातच ब्रेक आला होता, बोलायच्या मोजकं.

"सेल्फ घेतेय, मास्तर, पण चालू होत नाहीये. दुपारी दोघांची परीक्षा आहे याच गाडीवर."

"दुपारी? अहो, अकराला घेऊन जा," मास्तर म्हणाले आणि सवयीने सायलेन्सरपाशी जाऊन बसले. बाईंनी सेल्फ मारला. इंजिन जोमात फिरलं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मास्तरांनी डोळे मिटून श्वास घेतला.

काही नाही. कोऱ्या कागदाचा घ्यावा तसा श्वास.

आता इथे माणसाने म्हणावं की बाई, मला कळत नाहीये, मीटर लावून बघतो. पण एकतीस वर्षांचं नाव जिभेवर येऊन बसलं. "पेट्रोल येत नाही," मास्तर उठत म्हणाले. आवाज अगदी नेहमीसारखा, ठाम.

बाईंनी मान हलवली. मास्तर म्हणाले म्हणजे झालं.

मग मास्तरांनी मागची सीट उचलली. किल्ली फिरवली की टाकीतला पंप घुंऽऽ करून दोन सेकंद वाजत होता. चांगला वाजत होता! "आवाज नुसता येतोय, जोर नसणार," मास्तर स्वतःलाच समजावत म्हणाले. पुढे येऊन इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाइप सोडवला, तोंडाशी बाटली धरली आणि बाईंना किल्ली फिरवायला सांगितली. पेट्रोल असं उसळलं की अर्धं बाटलीत आणि अर्धं इंजिनावर, खाली, मनगटावर. जोरच जोर होता. पेट्रोल मुळात कधी थांबलंच नव्हतं.

मास्तरांनी पाइप कसाबसा परत बसवला. एक प्लग काढून बघितला, तर ओलाचिंब. ज्याचा वास यायला हवा होता ते पेट्रोल डोळ्यांसमोर निथळत होतं. म्हणजे ठिणगी नाही. आता पटकन ठिणगी बघू, दोष सापडला की मघाचं बोलणं कोण लक्षात ठेवतंय, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ठिणगी बघायचा टेस्टर, ठिणगी आतच राहील असा बंद नळीचा, कपाटात होता. तो आणायलाही ते थांबले नाहीत. प्लग वायरीला जोडला, उघडाच इंजिनावर टेकवला आणि मान वर करून हाक दिली, "बाई, सेल्फ…"

"किल्ली सोडा! बाई, हात काढा किल्लीवरनं!"

शेडला लागूनच असलेल्या घराच्या अंगणात दोरीवर मास्तरांची बायको कपडे वाळत घालत होती. ओला शर्ट हातात तसाच घेऊन ती धावत आली. "अहो, भपकारा सुटलाय पेट्रोलचा! मला तिथे दोरीपाशी आला. आणि तुम्ही त्यात ठिणगी पाडताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मास्तरांनी खाली बघितलं. इंजिन ओलं, हात ओले, पायाशी थारोळं. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून काचेपलीकडे बाई बसलेल्या, किल्लीवर बोटं तशीच. मास्तरांनी प्लगची वायर उपटली आणि खाली बसले.

"येत नाही ना वास?" बायको हळू आवाजात म्हणाली. "परवा दूध करपलं, सगळं घर धुरकटलं होतं आणि तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत होतात. म्हटलं, आज सांगाल, उद्या सांगाल."

"तीन आठवडे झाले," मास्तर म्हणाले.

बायकोने चिंध्या आणल्या, वाळू टाकली. मास्तर उठून बाईंच्या खिडकीपाशी गेले. मनात आलं असतं तर गप्प बसता आलं असतं. बाईंना पुरतं कळलं नव्हतं.

"बाई, उतरा," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय. मघाशी पेट्रोल येत नाही म्हणालो, ते मी अंदाजाने ठोकून दिलं. आणि आत्ता तुम्ही सेल्फ मारला असतात, तर गाडी पेटली असती. तुम्ही आत असताना."

बाई उतरल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, म्हणून मी दुसरं काही विचारलंसुद्धा नाही."

मास्तर चिंध्या घेऊन इंजिनाकडे वळले.

पण काम त्यांना येत होतं. सगळं पुसून कोरडं केलं, अर्धा तास गाडी वाऱ्याला उघडी ठेवली. बायकोने बॉनेटमध्ये वाकून, गाडीखाली वाकून वास घेतला आणि "आता नाही" म्हणाली, तेव्हाच मास्तरांनी टेस्टर लावला. चारही प्लगना ठिणगी शून्य. त्या गाडीत चारही प्लगना ठिणगी पुरवणारी कॉइल एकच. कॉइलपर्यंत करंट येत होता, टेस्टिंगचा दिवा लागला. सेल्फ मारताना ठिणगी टाकायचा हुकूमही येत होता, दिवा भराभर लुकलुकला. सगळं आत जातंय आणि बाहेर काही नाही, म्हणजे कॉइलच मेली. आता मास्तरांचा आवाज पुन्हा खणखणीत होता, आणि या वेळी त्याला आधार होता. नवी कॉइल आणून बसवली, प्लग सुकवून लावले.

"बसा बाई, मारा."

"नाही," बाई म्हणाल्या. त्या केव्हाच फाटकापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "किल्ली तुम्ही फिरवा."

मास्तर निमूटपणे आत बसले. बायको गाडीपासून हलली नाही, बॉनेटला हात लावून तिथेच उभी राहिली. तिच्याकडे बघून त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

बाई फाटकापासून सावकाश चालत आल्या. गाडीत बसून पट्टा लावला, आरसा नीट केला. मग काच खाली करून म्हणाल्या, "पुढच्या वेळी वहिनी घरी आहेत का, ते विचारूनच गाडी आणीन."

"विचारा," मास्तर म्हणाले, "मीच तसं सांगणार होतो."