अदखलपात्र

शाळेच्या पटांगणात त्यानं लाथ मारली आणि खिचडीचं पातेलं उलटलं. कढत भात माझ्या पायावर. समोर ताटल्या घेऊन बसलेली लेकरं. मास्तर उभे. गावातली माणसंही उभी. माझ्या जातीचं नाव घेऊन तो ओरडला, "हिच्या हातचं आमचे लेकरं खातीन काय? गावात दुसरी बाई नाई भेटली?"

तो पाटलाचा भाऊ. मी शाळेत खिचडी शिजवणारी, कामाचा तिसरा दिवस.

फोड आलेल्या पायानं ठाण्यात गेले. जमादारानं लिहून घेतलं, सही घेतली, कागद दिला. मी दहावी नापास. कागद वाचता आला, समजला नाही. वर लिहिलं होतं, अदखलपात्र. मला वाटलं, दखल घेतली. नवऱ्याला सांगितलं, आता पोलीस येतील.

दोन महिने कोणी आलं नाही. शाळेनं दुसरी बाई ठेवली. तो रोज माझ्या दारासमोर गाडीचा हॉर्न वाजवायचा. मी पुन्हा ठाण्यात गेले.

"साहेब, माह्या केसचं काय झालं?"

जमादार हसला. "कोनची केस? बाई, हे अदखलपात्र हाये. पोलिसानं यात हात घालाचा नसते. वाचता येते ना तुले?"

बाकावरचे दोघं-तिघं हसले. मीही कसनुशी हसले. पायाचे डाग गेले. त्या हसण्याची लाज अजून जाळते.

अकोल्याच्या कोर्टात फुकट सल्ला मिळतो, असं कळलं. तिथली वकीलबाई बुरख्यातली, माझ्याहून लहान. तिनं कागद वाचला. विचारलं, "जातीचं नाव घेतलं होतं? लोकांसमोर?"

"साऱ्या गावासमोर."

"मग हे अदखलपात्र नाहीच, ताई. दखलपात्र आहे. ॲट्रॉसिटी लागते. त्याच दिवशी एफआयआर लिहायला हवा होता."

म्हणजे चूक माझ्या अडाणीपणाची नव्हती. शब्द त्यांना माहीत होता. माहीत होता म्हणूनच तो लिहिला. एका 'अ'नं मला घरी पाठवलं.

वकीलबाईनं पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करून दिला. गुन्हा नोंदला गेला. आठ दिवसांत मास्तर माझ्या घरी.

"राजीनामा करून टाक. तुले पुन्हा खिचडीवर घेतो."

नोकरी सोडायचा राजीनामा नव्हे. ठाण्या-कोर्टात राजीनामा म्हणजे आपसात मिटवणं. झालं ते झालंच नाही, असं मी माझ्याच सहीनं लिहून द्यायचं.

मी म्हणाले, "मास्तर, तुमी तिथं उभे होते. त्याले साक्षीदार म्हंतात. कोर्टाचा समन्स येईन तुमाले."

मास्तर चहा न पिता गेले.

खटला चालू आहे. तारखा पडतात, मी जाते. त्याचा वकील जड शब्द फेकतो. मी मान हलवत नाही. जो शब्द कळत नाही, त्याचा अर्थ मोठ्यानं विचारते. लोक हसतात. हसू द्या. अर्थ सांगितल्याशिवाय मी पेनाला हात लावत नाही.