तेव्हा तुमच्या घरचे कुठे होते?

हिंदुस्थानच्या इतिहासात जेवढ्या म्हणून लढाया झाल्या, त्या सगळ्या आमचे दाजी एकटे हरलेले आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. जिंकणाऱ्याच्या बाजूनं बोलायला उभे राहिले तरी तास संपेपर्यंत ते हरणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलेले असायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चिंचवडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो, आणि स्टेशनामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत ताईच्या हातचं खाऊन आणि दाजींच्या तोंडचं ऐकून दिवस काढत होतो. जेवण उत्तम असायचं. ऐकण्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती, कारण जेवण उत्तम असायचं.

दाजींना माणूस दिसला की तो मूळचा कुठला हे कळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे. आणि आमच्या त्या भागात तर मूळचा असा माणूस सापडणंच मुश्कील. जे मूळचे होते त्यांच्या जमिनींवर कारखाने उभे राहिलेले, आणि कारखान्यांत होते ते कोकणातून, मराठवाड्यातून, केरळातून, पंजाबातून, जिथून म्हणून गाडी येते तिथून आलेले. दाजींना हे कुबेराचं भांडारच सापडलं होतं. ‘मूळचे कुठले?’ ‘सातारचे.’ ‘त्याआधी?’ ‘आधी म्हणजे... सातारच की.’ ‘अहो, पण त्याआधी?’ इथपर्यंत आलं की लोकलमधला भला माणूस उठून दुसऱ्या डब्यात जाऊन बसायचा. एका गृहस्थांना कासारवाडीला उतरायचं होतं. दाजींनी त्यांना खापरपणजोबांपर्यंत नेलं आणि गाडीनं देहूरोडपर्यंत. दोघं परतीच्या गाडीनं मागे आले, तोवर गृहस्थांच्या आजोळाला सुरुवात झाली होती. ताईनं एकदा दाजींना पिंपरीच्या बाजारात परकराचं कापड आणायला पाठवलं. दुकानदार सिंधी, फाळणीनंतर इथल्या छावणीत येऊन राहिलेला. दाजी दिवेलागणीला परत आले ते रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी. ‘कापड?’ ताईनं विचारलं. ‘अगं, त्यांच्या घरासमोरून नदी जायची,’ दाजी म्हणाले. ताईनं उभ्या आयुष्यात कुठल्या नदीवर इतका राग धरला नसेल.

शाळेची सहल एकदा चाकणला न्यायची ठरली. तिथला भुईकोट दाखवायचा, वीरश्रीची दोन गाणी म्हणायची, डबे खायचे आणि परत यायचं, असा साधासुधा बेत. दाजींनी मुलांना नेलं ते थेट कांद्याच्या बाजारात. किल्ला काही पळून जात नाही, म्हणाले, बाजार उठतो. मग हमाल, अडते, गाडीवान, कांदे निवडणाऱ्या बायका, सगळ्यांशी पोरांच्या गप्पा झाल्या, त्यांचे बाप-आजे काय करायचे ते विचारून झालं, आणि बाजारच काय, दिवसही उठला. संध्याकाळी आयांनी विचारलं, ‘किल्ला बघितला का रे?’ पोरं म्हणाली, ‘न्हाई, कांदं बघितलं.’ पुराव्यादाखल ते पिशवीत होतेच. मुख्याध्यापकांनी दाजींना बोलावून घेतलं. सज्जन माणूस, गणिताचा. ‘अहो,’ ते काकुळतीला येऊन म्हणाले, ‘परीक्षेत कांद्यावर प्रश्न येत नाही हो!’ ‘तेच तर चुकतंय, सर,’ दाजी म्हणाले. त्यांना वाटलं, सरांना आपलं म्हणणं पटलं.

लोक हसायचे, मीही हसायचो. पण दाजींच्या मनात एक गोष्ट घट्ट रुतून बसली होती आणि तिथं हसण्याला जागा नव्हती. ‘माझ्यासमोर एवढी घरं बाकांवर बसलेली असतात,’ ते म्हणायचे, ‘त्यांतलं एकही पुस्तकात नाही. पोरं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरचं पाठ करतात. त्यांना वाटतं, आपल्याकडे कधी काही घडलंच नाही.’ म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. कुठलाही धडा असो, लढाई असो, तह असो, शिकवून झालं की पुस्तक मिटायचं आणि एकेकाला उभं करून विचारायचं, ‘तेव्हा तुमच्या घरचे कुठे होते?’ उत्तर येत नसेल तर घरी विचारून यायचं. प्रत्येक पोराला आपली माणसं इतिहासात सापडली पाहिजेत, एवढीच त्यांची इच्छा. जगात याहून निष्पाप इच्छा असेल असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच तिची आता धास्ती वाटते.

पहिल्याच आठवड्यात अनर्थ झाला. मुलांनी घरी विचारलं आणि घरच्यांनी मिशांना पीळ भरून उत्तरं दिली. कोणाचे पूर्वज सरदार, कोणाचे किल्लेदार, कोणाचे थेट महाराजांच्या उजव्या हाताला. एका लढाईत तर दोन्ही बाजूंना मिळून औषधालासुद्धा शिपाई उरला नाही. दाजी डोक्याला हात लावून म्हणाले, ‘अरे, घोड्यांना चारा तरी कोणी घातला?’ चारा घालायला कोणी तयार होईना, घोडी उपाशी राहिली. एकच पोरगं, जुन्या गावातल्या शेतकऱ्याचं, उभं राहून म्हणालं, ‘सर, लढाईचं ठावं न्हाई. पर कंपनीचं कॅन्टीन हाय ना, तिथं आमची हीर व्हती.’ दाजींनी त्याला पोटाशी धरायचंच बाकी ठेवलं.

या सरदारांत शाळेजवळच्या गॅरेजवाल्या चाचांचा मुलगाही होता. त्यानं आपल्या घरच्यांची नेमणूक तोफखान्यावर केली होती. ते कळल्यावर चाचा स्वतः घरी आले, हाताचं ग्रीस तसंच. ‘गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी घोड्यांना नाल ठोकले, मी पंक्चर काढतो. ही तोफ कुठनं आली?’ दाजी आनंदानं उभेच राहिले. ‘नाल! चाचा, हेच तर पाहिजे होतं!’ आणि पुढच्याच आठवड्यात शाळेच्या मैदानात टांग्याचं घोडं उभं, चाचा नाल ठोकून दाखवतायत, त्यांचा मुलगा ऐटीत खिळे देतोय, पोरं कडं करून बघतायत, आणि मुख्याध्यापक खिडकीत गजांना धरून उभे. घोड्यानं मैदानावर जे करायचं तेही केलं. जाताना चाचा दाजींना म्हणाले, ‘दर गॅदरिंगला माझं पोरगं दुश्मनाच्या फौजेत असतं. पडदा उघडला की मरतं. आज पैल्यांदा उभं राहिलेलं बघितलं, गुरुजी.’ त्या दिवशी दाजी जिंकले. मी त्यांना जिंकताना पाहिलं ते तेवढंच.

आणि त्या जिंकण्यानंच घात केला. आठवीत मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव मी सांगणार नाही. नावगाव विचारून लोकांनी त्या घराची आधीच पुरेवाट केली आहे. फार हुशार. तिच्या डोळ्यांकडे बघितलं की धडा आपोआप चांगला शिकवला जातो, असं दाजी म्हणायचे. दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, बाप आमच्याच कारखान्यात भट्टीवर, राहायला कासारवाडीत भाड्याची खोली. दाजींचा प्रश्न तिच्यापाशी आला की ती उभी राहायची आणि खाली बघायची. दाजींना वाटलं, लाजते. म्हणून त्यांनी आणखी मायेनं विचारलं. तरी ती बोलेना. मग त्यांना वाटलं, आपल्या घरचं सांगण्याजोगं काही नाही अशी हिची समजूत झाली आहे, म्हणजे हा सगळा खटाटोप आपण केला तो हिच्यासाठीच! सव्वीस जानेवारीला पालकांसमोर मुलांनी आपापल्या घरची हकिकत सांगायची असं ठरलं होतं. दाजींनी पहिला मान तिला दिला आणि वर्गात तसं जाहीर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

साऱ्या जगाची कुळकथा उकरणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, याचा मला अजून राग येतो. मायेनं माणूस इतका आंधळा व्हावा?

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्या गुरुवारी संध्याकाळी तिचा बाप घरी आला. मी त्याला रोज हजेरीला बघत होतो, पण खुर्चीच्या कडेला तसा अवघडून बसलेला पाहून क्षणभर ओळखलंच नाही.

‘गुरुजी, पोरीला ते इचारू नका,’ तो म्हणाला.

‘अहो, पण तिनं कमीपणा वाटून घ्यायचं काही कारणच नाही,’ दाजी म्हणाले. ‘उलट मी तर...’

‘तिला न्हाई वाटत कमीपणा. तिला समदं ठावं हाय, मीच सांगितलंय. आमचं घर गावाच्या भाईर होतं, गुरुजी. राजा कुणीबी असू द्या, लढाई कुठलीबी असू द्या, आमी गावाच्या भाईर. हे तिनं तिथं उभं ऱ्हाऊन सांगितलं, की सांजच्याला घरमालकाच्या कानावर जातंय. त्येला आमी गावाच्या नावाचं आडनाव सांगितलंय. जात कळली की खोली गेली. हिथं कंपनीच्या गेटावर बिल्ला इचारतेत, घर इचारत न्हाईत. म्हणून तर एवढ्या लांब आलो.’

दाजींचं तोंड उतरलं. तरी त्यांच्यातला मास्तर गप्प बसेना. ‘पण मग पुस्तकात तुमच्या माणसांचं कधी...’

‘तुमाला पोरगी पुस्तकात बघायचीय, गुरुजी,’ तो शांतपणे म्हणाला. ‘मला शाळेत बघायचीय.’

दाजींनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि पुन्हा विचारणार नाही असा शब्द दिला. एकट्या तिला वगळलं तर लोकांच्या ध्यानात येईल, म्हणून त्यांनी सगळा कार्यक्रमच रद्द केला. मुख्याध्यापकांना हायसं वाटलं. सव्वीस जानेवारीला पुन्हा घोडं येतं की काय अशी त्यांना धास्ती होती. मुलगी शाळेत परत आली. ताईनं देवापुढे साखर ठेवली.

पण प्रश्न परत घेता येत नाही. दाजींनी विचारायचं सोडलं, तोवर मुलांना तो विचारायची गोडी लागली होती. ‘तू का गं नाही सांगितलंस? तुमच्या घरचे कुठे होते?’ मधल्या सुट्टीत तेच, वाटेनं जाताना तेच. मुलं वाईट नव्हती हो! मास्तरांनी शिकवलेलं म्हणून दाखवत होती. त्यांनी आयांना विचारलं, आयांनी नळावर तिच्या आईला विचारलं, आणि एक दिवस घरमालक दारात उभा राहिला. मूळचे कुठले? त्याआधी? महिनाअखेरीस खोली रिकामी झाली. बाप एका ओळखीच्याबरोबर झोपडीत राहू लागला, बायको आणि मुलगी गावाकडे मामाच्या घरी गेल्या. मी त्याला हजेरीला गाठलं तर म्हणाला, ‘गुरुजींना काय बोलू नका. मानूस चांगला हाय.’ मी ते दाजींना सांगितलं. शिवी असती तर त्यांनी ती पचवली असती.

त्यानंतर दाजी पुस्तकाबाहेर गेले नाहीत. धडा वाचायचे, उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं उतरवून घ्यायची. निकाल फार चांगला लागला. मुख्याध्यापकांनी सभेत त्यांना नारळ दिला, आणि दाजींनी तो असा धरला की मला बघवेना. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसायचे, शेजारचा माणूस बिनघोर कासारवाडीला उतरायचा. गॅदरिंगला चाचांचा मुलगा पुन्हा पडदा उघडल्याबरोबर मरू लागला. मला विचाराल तर हा इकडे आड, तिकडे विहीर असा प्रकार आहे. विचारावं तर एका पोरीच्या डोक्यावरचं छप्पर जातं, आणि न विचारावं तर सगळ्याच पोरांना वाटतं की आपण आभाळातून पडलो. यातून वाट कशी काढायची हे मी पुढं भल्याभल्या शिकल्यासवरलेल्यांना विचारलं. त्यांनी मला समिती नेमायला सांगितली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दाजी एसटीनं त्या मुलीच्या मामाच्या गावी जाऊन आले. कुठं चाललो ते ताईलासुद्धा सांगितलं नव्हतं. परत आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. ते चपला न काढताच माझ्याशेजारी टेकले.

‘भेटली?’ मी विचारलं.

‘भेटली. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाते. पाया पडली माझ्या. मी म्हटलं, बाळ, माझं चुकलं. तर म्हणाली, सर, तुमचा तास मला लई आवडायचा.’ दाजींनी चपलेची धूळ ओट्याच्या कडेला झाडली. ‘माझा नंबर येईस्तवर, म्हणाली.’

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘मग तिथल्या शाळेत नाव घालू या ना तिचं. जूनमध्ये नववीत जायची.’

‘तिथली शाळा सातवीपर्यंतच आहे,’ दाजी म्हणाले.

आतून ताईनं जेवायला हाक मारली. एरवी मी दाजींची काहीतरी खोडी काढून त्यांना हसवलं असतं. त्या घरात मी तेवढंच एक काम नेमानं करत आलो होतो. ताईनं पुन्हा हाक मारली, तरी आम्ही दोघं तसेच ओट्यावर बसून राहिलो.