वाटीचे तीन टोले

एरवी मी फारसा बोलणारा माणूस नाही. पण कानावर बसणाऱ्या वायरलेस हेडफोनमधून चांगला आवाज कसा काढायचा, हे कोणी विचारलं तर अर्धा तास सहज बोलतो. ऑफिसात मला त्यासाठीच ओळखतात. चष्म्याची दांडी हेडफोनच्या गादीखाली आली की फट राहते आणि त्या फटीतून खर्ज गळून जातो. हेडफोन एकाच वेळी फोनला आणि लॅपटॉपला जोडून ठेवला तर आवाजाचा दर्जा उतरू शकतो. माइक चालू झाला की गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं पातळ होतं. इक्वलायझरमध्ये हवं ते वाढवत बसू नये, नको असलेलं थोडं कमी करावं. हे सगळं मी करून करून शिकलो. सीवूड्सच्या दोन खोल्यांच्या घरात, बाबा पलंगावर पडून असताना.

त्या दिवसांबद्दल मी सगळ्यांना जे सांगितलं ते खरं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

बाबा उरणच्या मोरा बंदरातून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. सारंग वर सुकाणूपाशी, बाबा खाली इंजिनापाशी. खालून ना समुद्र दिसायचा, ना धक्का. सारंगाने वरून दोरी ओढली की खाली घंटी वाजायची. एक टोला म्हणजे चालव, दोन म्हणजे थांबव, तीन म्हणजे मागे घे. लहानपणी एकदा मी खाली उतरलो होतो. धडधडीने माझे दात वाजत होते. मी ओरडून विचारलं, ह्यात घंटी ऐकू कशी येते? बाबा चिंध्यांना हात पुसत म्हणाले, "इंजिन येकसारकं वाजतं, त्याला कान इसरतो. घंटीला नाय इसरत. कोन म्हनला का घंटी ऐकली नाय, तर समज, झोपला व्हता नायतर खोटं बोलतो."

पुढे बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ताईच्या घरी, उरणला, तिची सासू आधीच अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाबा आमच्याकडे आले. डावा हात तेवढा शाबूत होता. उशाशी औषधाची स्टीलची वाटी असायची. ती घेऊन ते पलंगाच्या लोखंडी गजावर वाजवायला लागले. एकदा पाणी, दोनदा लघवीचं भांडं, तीनदा मला उठवून बसव. आम्हाला दोन दिवस कळेना. ताई भेटायला आली आणि बघताक्षणी म्हणाली, "अरे येड्या, हे लाँचचं आहे." बाबा अर्ध्या तोंडाने हसले होते.

सोमवार ते शनिवार त्यांना सांभाळायला एक मावशी यायच्या. रविवार माझा. आणि रविवारी ती वाटी दर पंधरा-वीस मिनिटांनी वाजायची. उठवून बसवलं की दहा मिनिटांत मान कलंडायची, आडवं करावं लागे. आडवं केलं की पुन्हा तीन टोले. मी चिडायचो नाही. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही. मी हेडफोन घेतला. बायकोला सांगितलं, मीटिंगसाठी लागतो.

पहिल्या दिवशी लावला आणि पंखा गेला, फ्रिजची घरघर गेली, पाम बीच रोडवरच्या गाड्यांची गाज गेली. वाटी मात्र गेली नाही. उलट गाळ खाली बसल्यावर तळ दिसावा तशी ती स्वच्छ ऐकू यायला लागली. तेव्हा मी वाचून काढलं. असे हेडफोन एकसारखा चालणारा आवाज पुसतात, एकदम येणारा ठोका त्यांना नीट पुसता येत नाही. म्हणजे बाबा इंजिनाशेजारी उभे राहून म्हणाले होते तेच.

मग माझा अभ्यास सुरू झाला. लोकांना तो संगीताचा नाद वाटायचा. जाड गाद्या मागवल्या. चष्मा काढून ऐकायला लागलो. टोला ज्या पट्टीत येतो ती शोधून गाण्यातली तीच पट्टी थोडी वर काढली, म्हणजे टोला गाण्याखाली झाकला जावा. स्वतःच सांगितलेला नियम मी तिथे मोडत होतो. एकदा तर स्टीलची वाटी उचलून तिथे प्लास्टिकची ठेवली. "गजाचा रंग उडतोय," असं बायकोला म्हणालो. बाबा ती दोन दिवस खटखट वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी बायकोने मुकाट्याने स्टीलची परत ठेवली.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बायको भाजी आणायला गेली होती. मी दुसऱ्या खोलीत डोळे मिटून तानपुरा ऐकत होतो. खर्जाची तार सुंदर लागली होती. तीन टोले आले. अर्ध्या तासापूर्वीच तर बसवलं होतं, असं मनात आलं. पुन्हा तीन. मी हेडफोनच्या कडेवरचं बटण दोनदा दाबून आवाज वाढवला. पुन्हा तीन आले. चौथ्या वेळी दोनच आले, तिसरा आलाच नाही.

मला वाटलं, सुटलो. खर्ज खरंच छान लागला होता.

बायकोने खांदा हलवला तेव्हा तिच्या हातात भाजीची पिशवी तशीच होती. बाबा फरशीवर होते, स्वतःच उठायला गेलेले. मी हेडफोन काढला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "मला ऐकूच आलं नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय पेलणार नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही. हॉस्पिटलात त्यांच्या डाव्या हाताशी बेलचं बटण बांधून ठेवलं होतं. पाच आठवड्यांत ते त्यांनी एकदाही दाबलं नाही.

बाराव्याला काका म्हणाले, "कानाला डबडी लावून बसतात हल्ली. घराला आग लागली तरी यांना कळायची नाय." ताई त्यांच्यावर उसळली. "त्याला ऐकू आलं असतं तर तो बसून राहिला असता का काका? काहीही बोलता." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

वर्षश्राद्धानंतर एका दुपारी ताई आली. तिच्या घराबाहेरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात. "मला पण तसला एक सांग," ती म्हणाली, "आणि वापरायचा कसा तेही. डोकं भणभणतं रे." मी माझाच तिच्या कानावर चढवला. केस मागे घ्यायला लावले, कान पुरता आत जाऊ दे म्हणालो, बेताच्या आवाजात गाणं लावलं. ती मोठ्याने बोलायला लागली. "अरे, पंखा बंद केलास का?"

मी वर बोट दाखवलं. पंखा फिरत होता.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुला खरंच कळलं नसणार रे त्या दिवशी. मी आपली उगाच रात्र रात्र..."

म्हणजे तिलाही शंका होती. वर्षभर ती एकटीने दाबत होती, आणि काकांशी भांडत होती ती स्वतःशीच. मी उठलो, स्वयंपाकघरातून ती वाटी आणली. पलंग अजून तिथेच होता. त्याच्या गजावर तीन टोले वाजवले, बाबा वाजवायचे तेवढ्याच जोराने.

ताईने वळून पाहिलं. हेडफोन हळूच काढला. आतलं गाणं बारीक ऐकू येत राहिलं.

"हे तर येतं."

"हो."

"गाणं चालू असताना पण?"

"हो."

"त्या दिवशी किती वेळा?"

"चार. चौथ्या वेळी दोनच."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. ताईने त्या गजावरून बोट फिरवलं. रंग उडालेली जागा दिसत होती. मग उठून तिने माझ्या हातातली वाटी घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली.

उरणच्या गाडीला अजून वेळ होता. मी म्हणालो, स्टेशनपर्यंत येतो.

"नको," ती म्हणाली, आणि घालायलाही न थांबता चपला हातात घेऊनच जिना उतरली.